मतभेद सोसावा, कपट ओळखावे

या महिन्याच्या पाठासाठी घेतलेले विषय दिसायला दोन आहेत, पण थोडा विचार केला म्हणजे ती एकाच वस्त्राची दोन टोके आहेत असे ध्यानात येते. आपल्याशी न पटणाऱ्या माणसाचे बोलणे शांतपणे ऐकून घेता येणे ही एक गोष्ट, आणि आपल्याशी गोड बोलून खिसा कापणाऱ्याला वेळीच ओळखता येणे ही दुसरी. लोकांची सर्वसाधारण समजूत अशी की जो सोशिक तो भोळा असतो आणि जो सावध तो भांडखोर असतो; म्हणजे या दोन गोष्टी एका घरात नांदायच्या नाहीत. मला वाटते, हे उलटे आहे. ज्या घरात वेगळे मत सोसले जात नाही, त्याच घरात ठकाला पाटावर बसवून जेवू घालतात. हे कसे, ते आता पाहू. दृष्टान्तासाठी लांब जायला नको, आपला उरण तालुका पुरेसा आहे.

उरण म्हणजे एकेकाळी भाताची खाचरे, मिठागरे आणि मासेमारी. मोरा बंदरावरून मुंबईला लाँच, करंजाहून रेवसला तर, बाकी सगळा व्यवहार ओळखीपाळखीचा. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. त्या प्रश्नावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा परिसरात आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणांस मुकले. जासईचे दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. एका पिढीच्या आयुष्यात जमिनीचे मोल कुठल्या कुठे गेले. ज्या हातांनी आयुष्यभर पेंढ्या मोजल्या, त्या हातांत एकदम नोटांची पुडकी आली. आणि पैसा आला की पैशामागून माणसे येतात. त्यांत पाहुणेही असतात आणि इतरही असतात.

२०२३ साली उरणच्या पूर्व भागातील दामदुप्पट योजनेचे प्रकरण पोलिसांत गेले. थोड्या दिवसांत रक्कम दुप्पट करून देतो असे सांगून गावोगावच्या लोकांकडून पैसे गोळा केल्याचा तो आरोप. अटका झाल्या, वर्तमानपत्रांतून रकाने भरले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्यात आपण पडायचे कारण नाही, आणि कुणाचे नाव घेण्याचेही प्रयोजन नाही. आपला प्रश्न निराळा आहे. ज्यांनी दिले ती माणसे वेडी नव्हती. जमिनीच्या सातबाऱ्यावरचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ओळखणारी, बाजारात मासळीचा भाव करताना चार आण्यांसाठी दोनदा परत फिरणारी ही माणसे. मग असे का व्हावे?

आधी नुसता हिशेब करून पाहू, म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. समजा, कुणी म्हणाला, पन्नास दिवसांत दुप्पट. म्हणजे वर्षात सात वेळा दुप्पट. दहा हजारांचे वीस, विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी. असे सातव्या खेपेला दहा हजारांचे बारा लाख ऐंशी हजार होतात. बँकेत सात टक्क्यांनी ठेव ठेवली तर दुप्पट व्हायला दहा वर्षे लागतात. आता ज्या माणसाला वर्षात एकाचे एकशे अठ्ठावीस करण्याची विद्या साधली आहे, तो तुमच्या ओसरीवर दहा हजार मागायला कशाला बसेल? त्याने स्वतःचेच दहा हजार लावले असते तर दुसऱ्या वर्षाअखेर तो सोळा कोटींचा धनी होता! हा हिशेब चौथीतल्या पोराला येईल. अमेरिकेत बोस्टन शहरी १९२० साली चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने पंचेचाळीस दिवसांत दीडपट देण्याचे वचन देऊन असाच बाजार मांडला होता. टपालाची परदेशी कुपने घेऊन विकतो, त्यात नफा आहे, असे तो सांगे. एका जाणत्याने साधा हिशेब केला, की एवढ्या धंद्याला सोळा कोटी कुपने हवीत, आणि जगात आहेत सुमारे सत्तावीस हजार. म्हणजे नव्याकडून घ्यायचे आणि जुन्याला द्यायचे, एवढाच तो धंदा. नवे येईनासे झाले की बुडाला.

हिशेब सोपा होता, तर मग घरात कुणालाच का सुचला नाही? सुचला होता. बहुतेक घरांत कुणाला तरी सुचतोच. कधी म्हातारीला सुचतो, कधी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, कधी नुकत्याच आलेल्या सुनेला. ती हळूच म्हणते, "अहो, पण एवढे पैसे तो आणतो कुठून?" यावर उत्तर काय मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. "तुझ्या तोंडून कधी चांगलं निघायचं नाही." "शेजाऱ्याला मिळाले ते दिसत नाहीत का?" "तुला आपल्या माणसांपेक्षा जास्त कळतं का?" म्हणजे घरातला पहारेकरी आपणच गप्प केला आणि मग चोर आला म्हणून कपाळ बडवले.

आता हे असे का होते याविषयी आधुनिक मानसशास्त्राचा थोडा आधार घेऊ. ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मनुष्यस्वभावातील एक खोड दाखवून दिली आहे. प्रत्येकाला आतून असे वाटत असते की मी जग जसे आहे तसेच पाहतो आहे. माझ्या डोळ्यांवर चष्मा नाही, तो दुसऱ्यांच्या डोळ्यांवर आहे. मग एखाद्याला आपल्यापेक्षा वेगळे दिसले तर त्याचे कारण मन तीनच प्रकारे लावते. त्याला माहिती नाही. माहिती सांगूनही पटत नाही म्हणजे त्याला अक्कल नाही. आणि अक्कलही आहे असे दिसले तर मग त्याच्या मनात काळेबेरे आहे, त्याला कुणी तरी फितवले आहे. चौथे कारण, म्हणजे त्याला खरोखरच एखादी गोष्ट दिसत असेल जी मला दिसत नाही, ते आपल्या मनात येतच नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून भजनी मंडळाच्या पेटीपर्यंत कुठलेही भांडण घ्या, तिसऱ्या पायरीपर्यंत ते किती झटकन चढते ते पाहा. "तो विकला गेला" हे वाक्य आपल्याकडे किती स्वस्त झाले आहे!

येथे मर्माची गोष्ट अशी, की या खोडीमुळे आपले तराजूच उलटे होते. जो आपल्याला विरोध करतो तो आपल्याला कपटी वाटतो, आणि जो आपल्या प्रत्येक शब्दाला मान डोलावतो तो प्रामाणिक वाटतो. आणि ठकाचा धंदा काय? मान डोलावण्याचाच. ठक कधी मतभेद दाखवीत नाही. तुमची माळ पाहून तो माळ घालतो, एकादशीला तुमच्याआधी उपवास विचारतो, तुमच्या गावच्या पुढाऱ्याला शिव्या द्यायच्या असतील तर तुमच्यापेक्षा चार जास्त देतो. जातीचा निघतो, नात्याचा निघतो, दिंडीत शेजारी चालतो. अशी फसवणूक परक्याकडून क्वचितच होते, कारण परक्याला आपण दारातच उभा करतो. म्हणून सांगतो, जो माणूस वर्षभरात तुमच्या एकाही बोलण्याला "नाही" म्हणाला नाही, त्याच्याशी व्यवहार करताना कागद दोनदा वाचावा.

कुणी म्हणतील, "आम्ही माणूस बघून ओळखतो. खोटं बोलणाऱ्याची नजर ठरत नाही." ही समजूत फार जुनी आहे आणि फार दूरवर पसरलेली आहे. जगातील पन्नासाहून अधिक देशांत लोकांना विचारले गेले की लबाड कसा ओळखावा, तेव्हा सर्वांत जास्त आलेले उत्तर हेच, की तो नजर चुकवतो. परंतु खरे-खोटे पारखण्याचे शेकडो प्रयोग एकत्र करून चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो यांनी २००६ साली जो निष्कर्ष काढला तो आपला गर्व उतरविणारा आहे. चोवीस हजारांवर माणसांचे निवाडे त्यांनी तपासले. नुसते बोलणे ऐकून, चेहरा पाहून खरे-खोटे ओळखण्यात माणसे शंभरांत चोपन्न वेळा बरोबर निघाली. नाणे उडवून ठरविले असते तरी पन्नास वेळा बरोबर आलेच असते. म्हणजे आयुष्यभराच्या अनुभवाची कमाई किती, तर चार! शिवाय ज्याचे खोटे बोलणे हेच पोट आहे तो नजर चुकवीत नाही, तो डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. नजर चुकवतो तो बिचारा लाजाळू, नाही तर कर्जाच्या ओझ्याने वाकलेला.

मग लबाडी उघडी पडते ती कशाने? यावर टिमथी लेवाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले. जी खोटी पकडली गेली ती बहुतेक त्या क्षणी चेहऱ्यावरून पकडली गेलेली नव्हती. काही दिवसांनी तिसऱ्या माणसाकडून कळले, कागद सापडला, नाही तर खोटे बोलणाऱ्यानेच कबुली दिली. लेवाइन असेही म्हणतात की माणसाचा मूळ स्वभाव समोरच्याचे खरे मानण्याचा आहे, आणि हा काही दोष नव्हे. त्याशिवाय संसार, बाजार, शेजार काहीच चालणार नाही. मला हे म्हणणे पटते. सकाळी दूधवाल्यापासून रात्री चौकीदारापर्यंत प्रत्येकाचा संशय घेणारा माणूस फसत नसेल, पण तो जगतही नाही. तेव्हा प्रत्येकाकडे संशयाने पाहणे हे औषध नव्हे. औषध हे, की तिसऱ्या माणसाला आपल्यापर्यंत पोहोचायला वाट मोकळी ठेवणे. आणि तो तिसरा माणूस कोण? बहुधा तोच, ज्याचे आपल्याशी पटत नाही.

त्या एका वेगळ्या माणसाचे बळ केवढे असते याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या सुमारास अमेरिकेत तो केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन रेघा. त्यांतली कोणती पहिलीएवढी ते सांगायचे. आंधळ्यावाचून कुणी चुकू नये इतके सोपे. पण खोलीत बसलेल्यांपैकी एकच खरा परीक्षार्थी, बाकीचे सगळे आधी पढवून ठेवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. आपली पाळी आली की त्या बिचाऱ्याची तारांबळ उडे. सरासरीने तीनातून एकदा तो डोळ्यांनी दिसणारे सोडून चार लोकांचे चुकीचे उत्तर देई, आणि सुमारे पाऊणशे टक्के माणसे निदान एकदा तरी अशी वाकली. परंतु मौज पुढेच आहे. त्या पढविलेल्यांत एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीचे वाकणे एकदम कमी होऊन साधारण चौथ्या हिश्श्यावर आले. एका माणसाने तोंड उघडले, की दुसऱ्याला आपले डोळे खरे वाटू लागतात. आता आपल्या घरातली ती "एवढे पैसे आणतो कुठून" म्हणणारी सून आठवा.

आपल्या वारकरी मंडळींना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही, कारण ते आपल्या सोहळ्यात रोज संध्याकाळी चालते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना समाजआरती ठाऊक आहे. पालखी तळावर येते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावून "होऽऽ" म्हणतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, चालण्याच्या क्रमाबद्दल म्हणा, तळावरच्या जागेबद्दल म्हणा, कुणी अन्याय केल्याबद्दल म्हणा, तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. सगळा समाज निःशब्द, आणि त्या निःशब्दात तेवढेच टाळ. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निर्णय लावतात. मगच दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगतात, सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि आरती होते.

या रिवाजाकडे नीट पाहा. येथे तक्रार करणाऱ्याला समाजाबाहेर जावे लागत नाही. तो आपल्या जागी, आपल्या टाळांसह उभा असतो. तक्रार कानात कुजबुजण्याची सोय नाही. ती सर्वांदेखत करायची. अधिकारी चालत तक्रारीकडे जातो, तक्रारीने अधिकाऱ्याच्या मठीबाहेर ताटकळायचे नाही. आणि ऐकून झाल्याशिवाय आरती नाही. लाखांचा समाज पोलिसी शिस्तीवाचून पंधरा-सतरा दिवस चालतो त्याची अनेक कारणे सांगतात. मला तर हेच मोठे वाटते. ज्यांच्या घरी, पतसंस्थेत, भजनी मंडळात अशी "टाळ वाजत ठेवण्याची" सोय नाही, तेथे नाराजी आत सडते आणि तिचा वास ठकाला लांबून येतो.

दुसरा दाखला एकनाथ महाराजांचा. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, आगंतुक शब्द शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करून ठेवली, आणि मूळ ग्रंथ शुद्धच आहे, पाठभेदांनी तो मलीन झाला, असे स्वच्छ सांगितले. आता विचार करा, पोथीत भेसळ आहे हे कळते कशावरून? दोन पोथ्या जुळत नाहीत यावरून. सर्व पोथ्या अक्षरशः सारख्या असत्या आणि सर्वांत एकच चूक असती, तर ती चूक कोण दाखविणार होता? न जुळणारी पोथी ही शोधकाच्या दृष्टीने अडचण नसते, तीच त्याची वाट दाखविते. ज्याने आपल्या घरच्या पोथीच्या अभिमानाने दुसऱ्याची पोथी पाण्यात टाकली असती, त्याला शुद्ध पाठ मिळाला नसता.

आता एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. संतांनी सोसावे असे सांगितले, आणि त्याच संतांनी भोंदूंवर कोरडे ओढले. तुकोबांच्या वाणीतील भोंदू साधूंवरचे प्रहार इतके कडक आहेत की घरातल्या लहानांपुढे म्हणताना माणूस अडखळतो. मग सोशिकपणा गेला कुठे? याचे उत्तर तुकोबांच्याच चरित्रात आहे. महिपतींनी सांगितलेली मंबाजीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मंबाजीने काटेरी काठीने तुकोबांना मारले. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग दाबू लागले. कथा परंपरेची आहे, पण तिच्यातला भेद पाहण्यासारखा आहे. स्वतःच्या अंगावर आले ते त्यांनी सोसले. परंतु भोळ्या जनांना अंगारे, धुपारे, चमत्कार दाखवून कुणी लुबाडताना दिसला, तेथे त्यांनी एक शब्द मऊ केला नाही. आपण नेमके उलट करतो. आपला कुणी अपमान केला तर तीन पिढ्या बोलत नाही, आणि शेजारची विधवा भोंदूच्या पायाशी डाग मोडून पैसे ठेवते तेव्हा म्हणतो, "जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय, तिची श्रद्धा आहे." याला सोशिकपणा म्हणत नाहीत. हा अंग चोरणे आहे.

मत आणि कपट यांतला भेद म्हणजे तरी काय? वेगळे मत असलेला माणूस आपले कारण उघड सांगतो, तुम्ही ते तपासा म्हणतो, आणखी कुणाला विचारलेत तरी त्याला राग येत नाही. कपटी माणसाला तपासणीचे वावडे असते. तो घाई करतो, "आजच्या दिवसच आहे" म्हणतो. आणि सर्वांत मोठी खूण ही, की तो सांगतो, "हे कुणाला बोलू नका." मंत्र फळणार नाही म्हणेल, नशीब फिरेल म्हणेल, सरकारी गुप्त चौकशी आहे म्हणेल, पण तुम्हाला तुमच्या माणसांपासून एकटे पाडील. ज्याला मतभेदाची भीती वाटते त्याच्याजवळ झाकण्यासारखे काही तरी असते, मग तो बाबा असो की पतपेढीचा चालक.

मतभेद मोठा असला, जिव्हारी लागणारा असला, तर काय करावे? पंढरपुरातलीच गोष्ट सांगतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १ मे ते १० मे, दहा दिवस. जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. त्याआधी गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांना विनविले, समजाविले. विरोध करणारे थोडे नव्हते, आणि ते परके नव्हते. माळकरी होते, वारी चुकवीत नव्हते, परंपरेला धक्का लागतो असे त्यांना मनापासून वाटत होते. मंदिर खुले झाले. माझे मत विचाराल तर ते आधीच व्हायला हवे होते आणि त्यासाठी एका सत्पुरुषाला प्राण पणाला लावावे लागले ही आपल्याला शोभा नाही. पण एवढ्या मोठ्या भांडणानंतर वारी दुभंगली नाही. विरोध करणारेही आले, खुले व्हावे म्हणणारेही आले, आणि ज्यांना शतकानुशतके नामदेव पायरीपाशी थांबावे लागले तेही आत आले.

अलीकडचा दाखला थोडा कडू आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटत होते. आपल्यातील पुष्कळ मंडळींचा त्याला विरोध होता. वारी, कीर्तन, पूजाअर्चा यांवर गदा येईल अशी शंका होती. शंका घेणे गैर नव्हते. चर्चा झाल्या, मसुदा अनेकदा बदलला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे विरोध करणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे कायदा अधिक स्वच्छ झाला, आणि ज्यांचा तो कायदा होता त्यांचेही त्यात नुकसान झाले नाही. हे बोलण्याने झाले. गोळीने काय झाले? गोळीने एका प्रश्नाचेही उत्तर दिले नाही. डॉक्टरांची सर्व मते आपल्याला पटावीत असे मुळीच नाही; पण भोंदूवर त्यांचा जो रोष होता तो तुकोबांच्या गाथेत आधीच आहे, एवढे तरी मोकळेपणाने म्हणावे.

आता व्यवहाराचे बोलू. मन एकदम सोशिक होत नाही, त्याला सवय लावावी लागते. वेगळे मत ऐकताना छातीत जी धडधड होते, कान तापतात, ती शरीराची रीत आहे. तिला सत्य-असत्याचा पुरावा समजू नये. अशा वेळी उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगून पाहावे, आणि "बरोबर समजलो ना?" असे विचारावे. पुष्कळ भांडणे येथेच मरतात, कारण आपण ज्याच्यावर तुटून पडणार होतो ते तो बोललाच नव्हता असे निघते. घरात पैशाचा मोठा निर्णय असेल तर सर्वांत लहानाने किंवा सर्वांत कमी मान असलेल्याने आधी बोलावे, कर्त्याने शेवटी. कर्ता आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि मग अ‍ॅशच्या खोलीतली गत होते. मंडळाच्या बैठकीत एखाद्याला मुद्दाम विरोधी बाजू मांडायला नेमावे. कीर्तनकार पूर्वपक्ष मांडून मगच सिद्धान्त सांगतात ना? तसेच हे. पूर्वपक्ष जितका सशक्त, तितके सिद्धान्ताला वजन.

आणि जो फसला त्याला हसू नये. हसलात की पुढचा फसलेला तोंड उघडणार नाही, आणि ठक शेजारच्या गावात दुकान मांडील. लाजेपोटी लोक महिनेन् महिने गप्प बसतात, तोवर पैसा पार होतो. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा हितसंबंध संरक्षण कायदा आहे, आणि परवानगीवाचून ठेवी गोळा करण्याला बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. पण तक्रार नोंदविल्याशिवाय कायदा चालत नाही.

हल्ली तर ठकाला गावात यायचीही गरज उरलेली नाही. फोनवर पोलिसाचा वेष दाखवून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका, घरच्यांना सांगू नका" असे दरडावतात आणि म्हातारी माणसे आयुष्याची पुंजी पाठवून मोकळी होतात. अशी फोनवरची अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही. फोन ठेवावा, दार उघडावे, आणि पहिल्या भेटेल त्या माणसाला सांगावे, मग त्याच्याशी आपले दहा वर्षांचे भांडण का असेना. पैसे गेलेच असतील तर जितक्या तासांत कळवाल तितकी ते अडवून धरण्याची आशा जास्त. त्यासाठी सरकारी मदतीचा क्रमांक १९३० हा आहे. उरणकरांना तो पाठ करावा लागणार नाही. चिरनेरचा जंगल सत्याग्रह त्याच सालचा, २५ सप्टेंबरचा.